वाळूजमधील जुने व्हेंडिंग मशीन जागेसह घ्यावे का?

प्रश्नकर्ता (जालना): वाळूज एमआयडीसीतील एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये बसवलेले शीतपेयांचे व्हेंडिंग मशीन मालक जागेसह विकत आहेत. दर ठरवण्यापूर्वी काय तपासावे?

सभासद (संभाजीनगर): जागेचा करार विक्रेता आणि कारखाना यांच्यातील असल्यामुळे तो मशीनबरोबर आपोआप आपल्या नावे होत नाही, म्हणून कारखान्याची लेखी संमती, वीजबिलाची जबाबदारी आणि मशीन हलवण्याची मुदत कागदावर आल्याशिवाय बयाणा देऊ नये. जागा नसेल तर नुसत्या मशीनच्या लोखंडाला फारशी किंमत नसते.

सभासद (बीड): तोंडी आकड्यांवर न जाता मशीनमधील विक्रीची नोंद यूपीआयच्या बँक उताऱ्याशी जुळवावी. मशीन थंड ठेवणारा कॉम्प्रेसर मात्र मे महिन्याच्या दुपारीच, कडक उन्हात पाहावा.

सभासद (लातूर): एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी स्वतःच्या नावे घ्यावी आणि मशीनवरचा क्यूआर कोड ताबा मिळेल त्याच दिवशी बदलावा, अन्यथा पैसे जुन्या मालकाच्या खात्यात जातील.