रुईवरचा पिवळा मावा काढू की राहू देऊ? मदत हवी आहे

मंडळी, जरा सल्ला द्या. कुंडीतल्या रुईवर पिवळाधमक मावा (रस शोषणारी बारीक कीड) चढलाय, पाय काळे, कोवळ्या शेंड्याला नुसता लगडलाय. आता साधा नीमचा स्प्रे मारून मोकळा झालो असतो, पण खालच्या पानांवर प्लेन टायगर फुलपाखराच्या तीन अळ्या आहेत ना! पट्टेवाल्या, अंगावर काळ्या शिंगांसारख्या तीन जोड्या. काल एक बघत बसलो तर तिने आधी पानाची शीर कुरतडली, चीक गळू दिला आणि मग निवांत त्याच पानाचा शिरेपुढचा भाग खायला घेतला, हुशारी बघा.

रुईच्या चिकातलं कार्डेनोलाइड नावाचं विष बाकी प्राण्यांच्या पेशीतला सोडियम-पोटॅशियम पंप (पेशीतल्या क्षारांची आत-बाहेर ने-आण करणारं प्रथिन) बंद पाडतं, या अळ्यांचा पंपच जरा वेगळा असतो म्हणून त्यांना चालतं, वर तेच विष अंगात साठवून पक्ष्यांना लांब ठेवतात. हा मावाही तेच करतो म्हणे. मग लेडीबर्ड (मावा खाणारे ठिपकेवाले छोटे भुंगे) आणून सोडले तर ते खातील का याला, की तेच आजारी पडतील? कोणी प्रत्यक्ष बघितलंय?

नीममधलं अॅझाडिरॅक्टिन किड्यांची कात टाकणं बिघडवतं, म्हणजे अळ्याही जाणार. नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने मावा पाडला तर पुरेल का, आणि किती दिवसांनी परत मारायचा?

अजून एक, रुईच्या पानांचा अर्क मिरचीवरच्या माव्याला मारा असं एकाने सांगितलं. कोणी केलंय का? मला तर तो चीक डोळ्यात जायचीच भीती वाटते.