आयबीएस म्हणायला पोट 'दुखायलाच' पाहिजे का?

कातरवेळ:
बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतेय. आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, तपासण्यांत काही न सापडता पोट आणि शौच बिघडत राहतं तो आजार. पोटाच्या डॉक्टरांकडे एक फॉर्म भरायचा होता, त्यात प्रश्न, गेल्या ३ महिन्यांत आठवड्यातून किमान एक दिवस पोट दुखलं का? मी पेन धरून बसूनच राहिले. तडस लागते, गुबारा धरतो, सकाळी तीनदा जाऊन आलं तरी अजून राहिलंय असं वाटत राहतं, पण 'दुखतं' का, तर नाही बुवा. 'नाही'वर टिक केली आणि आयबीएसमधून बाद झाले, 'फंक्शनल ब्लोटिंग' (आतड्याची रचना ठीक, पण कामात बिघाड आणि त्यातून पोटफुगी) असं दुसरंच नाव मिळालं. घरी येऊन वाचत बसले. हे निदान ज्या रोम निकषांवर होतं त्यांच्या २००६ च्या आवृत्तीत 'दुखणं किंवा अस्वस्थता' असं होतं, २०१६ ला अस्वस्थता उडवली, एक कारण असं की काही भाषांत त्याला नेमका शब्दच नाही आणि जो तो आपापला अर्थ लावतो. म्हणजे शब्द सापडेना म्हणून तक्रारच कटाप? २०२१ मध्ये ३३ देशांतल्या ७३ हजारांवर लोकांचा सर्व्हे आला, त्यातल्या ऑनलाइन भागात जुन्या निकषाने आयबीएस १०.१ टक्के, नव्याने ४.१. माणसं तीच, पोटं तीच. माझं मत स्पष्ट आहे, आयबीएस हा निम्मा आजार आणि निम्मी भाषा आहे.

खडूस_काका:
वाक्य झकास जमलंय पण हिशोब चुकलाय. २०१६ च्या त्या चौथ्या आवृत्तीत नुसता शब्द नाही गेला, आधी महिन्याला ३ दिवस त्रास पुरायचा, आता आठवड्याला १ दिवस लागतो, आकडा त्यानेही खाली येणारच. आणि कॅनडातलं वॉकर्टन विसरू नकोस. मे २००० मध्ये तिथल्या नळाच्या पाण्यात जंतू मिसळले, २ हजारांवर लोक आजारी पडले, पुढे काही वर्षं त्यांची तपासणी चालू होती तर ज्यांना तेव्हा जुलाब झाले होते त्यांच्यात आयबीएस इतरांपेक्षा ठळकपणे जास्त. जंतू काय भाषा विचारून आतड्यात शिरतो का? हे संस्कृती संस्कृती करत गेलं की शेवटी सगळे 'मनाचे खेळ आहेत' इथे येऊन थांबतात आणि पेशंट बिचारा गप्प बसतो.

शेवंती:
काका जंतूचं मान्य, पण जुलाब थांबल्यावर माणूस त्याला काय नाव देतो आणि कुणाकडे जातो ते भाषाच ठरवते की. ऑफिसात एक मेक्सिकन मैत्रीण होती, एकदा लंच सोडून उठली आणि म्हणाली, मला कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आहे. माझ्या पोटात गोळाच आला, मला वाटलं अल्सरेटिव्ह, म्हणजे आतड्यात जखमा, रक्त वगैरे. विचारलं, कॉलोनोस्कोपी कधी केलीस? ती हसायलाच लागली, अगं तसं नाही, नर्व्हस कोलायटिस, आमच्याकडे घरोघरी असतं. तिकडे आयबीएसला सर्रास असंच म्हणतात म्हणे. अरबीत तर नावच 'चेतासंस्थेचं आतडं' अशा अर्थाचं आहे आणि जर्मनमध्ये 'चिडकं आतडं'. आता ज्याला पहिल्या दिवसापासून नर्व्हस म्हणून सांगितलंय तो टेन्शन कमी करायला बघणार आणि ज्याला सूज म्हणून सांगितलंय तो सुजेची गोळी मागणार, नाही का?

त्रयस्थ:
त्याच सर्व्हेतली आणखी एक गंमत. ऑनलाइन विचारलं तेव्हा पोटाचा कुठला ना कुठला फंक्शनल आजार ४०.३ टक्के लोकांत निघाला आणि घरोघरी जाऊन समोर बसून विचारलं तिथे २०.७. समोर बसलेल्या परक्या माणसाला शौचाचं कोण खरं सांगणार!

खडूस_काका:
@त्रयस्थ, अर्धवट वाचलंयस. दोन्ही पद्धती फक्त चीन आणि तुर्कस्तानात वापरल्या, बाकी देश एकतर इकडे नाहीतर तिकडे. भारत घरोघरीवाल्या गटात, जर्मनी ऑनलाइनवाल्यात. मग फरक लाजेचा, देशाचा की खाण्याचा, ठरवणार कसं? आणि उपचारांच्या फरकालाही संस्कृती म्हणू नका, ते बरंचसं परवान्यांचं राजकारण असतं. मेबेव्हेरिन हे आयबीएसचं औषध ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं चालतं, अमेरिकेत मिळतच नाही. जुलाबवाल्या आयबीएसचं ॲलोसेट्रॉन अमेरिकेत २००० ला आलं, आतड्याचा रक्तपुरवठा कमी होण्याच्या केसेस निघाल्या म्हणून त्याच वर्षी गेलं, २००२ ला परत आलं ते फक्त जास्त त्रास असलेल्या बायकांसाठी. त्याच जातीचं रामोसेट्रॉन जपानमध्ये २००८ ला मंजूर झालं, तेही आधी फक्त पुरुषांसाठी! बायकांना २०१५ पर्यंत थांबावं लागलं. आता सांगा यात कुठली संस्कृती शोधणार.

शेवंती:
अहो मग एका देशात फक्त बायकांना आणि दुसऱ्यात फक्त पुरुषांना, पेशंट म्हणून डोळ्यासमोर कोण येतं हाच तर प्रश्न आहे ना!! पश्चिमेकडच्या देशांत आयबीएस म्हटलं की बाई, भारतात ओपीडीत पुरुष जास्त दिसतात. पोट दोघांचंही बिघडतं, डॉक्टरपर्यंत कोण पोचतं ते वेगळं.

पथ्यपुराण:
मला वाटतं खरा घोळ डाएटचा आहे. लो फॉडमॅप, म्हणजे आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या, गॅस करणाऱ्या साखरा टाळायचं पथ्य, मेलबर्नच्या मोनाश युनिव्हर्सिटीतून जगभर गेलं, कांदा, लसूण, गहू, कडधान्यं बंद. पण ते मुळात तीन टप्प्यांचं आहे, काही आठवडे बंद, मग एकेक पदार्थ परत घेऊन बघायचा, मग आपलं आपलं ठरवायचं. लोक पहिल्याच टप्प्यात वर्ष वर्ष अडकतात कारण हातात नुसती यादी येते, समजावणारं कुणी नसतं. मी स्वतः ८ महिने लसणाशिवाय काढले, शेवटी कळलं त्रास लसणाचा नव्हताच, दुधाचा होता. यादी सगळीकडे पोचली, आहारतज्ज्ञ नाही पोचला.

त्रयस्थ:
आणि मनाच्या खेळाला काका एवढे का घाबरतात कळत नाही. २०१० चा अमेरिकेतला प्रयोग बघा, आयबीएसच्या ८० जणांपैकी निम्म्यांना चक्क सांगून दिलं की या गोळीत औषध नाही. ३ आठवड्यांनी गोळीवाल्यांपैकी ५९ टक्के म्हणाले पुरेसा आराम आहे, बिनगोळीवाल्यांपैकी ३५.

खडूस_काका:
घाबरत नाही रे, चीड येते. ब्रिटनमध्ये आयबीएसच्या ४६३ जणांवर कमी डोसचं ॲमिट्रिप्टिलिन तपासलं, २०२३ ला निकाल आला, गुण आला. पण गोळी पूर्वी डिप्रेशनला द्यायचे एवढं कळलं की माणूस पाकीट बंद करून ठेवून देतो, मला वेडा समजता का म्हणतो. हे तुमच्या मनाच्या भाषेनेच झालंय. असो. कातरवेळ, एकच विचारतो, वेगळं नाव मिळाल्याने तुझं औषध बदललं का?

कातरवेळ:
नाही. पेपरमिंट ऑइलच्या कॅप्सूल दिल्यात, आयबीएसवाल्यांनाही देतातच.

खडूस_काका:
मग भांडतेयस कशाला?

कातरवेळ:
कारण काका, आयबीएसच्या नव्या औषधांच्या चाचण्यांत साधारणपणे ० ते १० मध्ये दुखणं किमान ३ असेल तरच आत घेतात. तडसवाल्याला तिथे जागाच नाही. उद्या औषध बाजारात येईल, ते माझ्यासारख्यांवर तपासलेलंच नसेल आणि तरी डॉक्टर मलाच लिहून देतील.

खडूस_काका:
हा मुद्दा बिनतोड आहे, घे. 'निम्मी भाषा' मात्र अजून मान्य नाही, फार तर पावभर.