ठोसा थांबवायला शिकवणारे आमचे सर : तुमचे अनुभव लिहा

जूनपासून सरांनी कराटेची सकाळची बॅच एका जुन्या विद्यार्थिनीच्या हाती दिली. पुण्यात सहकारनगरातल्या शाळेच्या त्या हॉलमध्ये ते १९८९ पासून शिकवत होते. राज्य स्पर्धेत दोनदा पहिले आलेले, पण दारावरच्या पाटीवर त्यातलं काही नव्हतं. पाटीवर फक्त वेळ : सकाळी ५.४५. परवा गुरुपौर्णिमेला आम्ही पंधराजण जमलो तेव्हा लक्षात आलं, प्रत्येकाचे सर थोडे वेगळे आहेत. म्हणून हा धागा. त्या शहाबादी फरशीवर ज्यांनी घाम गाळलाय त्यांनी लिहा. कौतुकच हवं असं नाही, राग असेल तर तोही लिहा. नाव मात्र कुणाचंच नको, सरांचंही.

सुरुवात मी करते. मी दहा वर्षांची असताना क्लासला लागले. दसरा झाला की सर घरच्या तोरणातले झेंडू घेऊन यायचे आणि खिडकीच्या गजाला दोऱ्याने बांधायचे. आपण समोर उभं राहून पूर्ण ताकदीने ठोसा मारायचा. फूल वाऱ्याने हललं पाहिजे, पण पाकळी पडता कामा नये. जपानीत याला 'सुनदोमे' म्हणतात. 'सुन' हे जुनं माप, साधारण ३ सेंटिमीटर. तेवढ्यावर येऊन थांबायचं. मला वाटायचं, हळू मारलं की झालं. सर म्हणायचे, "हळू नाही. जोरात मार आणि थांब." महिनाभर माझ्या पाकळ्या पडत राहिल्या. मग एक दिवस त्यांनी मागून येऊन माझा खांदा खाली दाबला. "तुझा ठोसा इथून येतोय, म्हणून थांबत नाही. कमरेतून आण." कंबर वळली, दुसरा हात बरगडीपाशी मागे खेचला गेला, शेवटच्या क्षणी सगळं अंग आवळलं आणि हात आपोआप थांबला. पुढे बरीच पदकं मिळाली, पण त्या सकाळी फूल नुसतं हललं तेव्हाचा आनंद मला पुन्हा नाही मिळाला.

जुना विद्यार्थी, धनकवडी

७ ऑगस्ट २०२१. सगळा देश नीरज चोप्राच्या भाल्याकडे बघत होता. आम्हीही बघत होतो. पण सरांनी आधीच निरोप धाडला होता : त्याच दिवशी टोकियोच्या बुदोकानमध्ये कराटेची शेवटची फायनल आहे, ती चुकवू नका. ऑलिंपिकमध्ये कराटे पहिल्यांदाच आलं होतं. सौदीचा तारेग हामेदी ४-१ ने पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेहच्या डोक्या-मानेवर बसली, तो तिथेच बेशुद्ध पडला आणि त्याला स्ट्रेचरवरून नेलं. पंचांनी हामेदीला बाद केलं. सोनं स्ट्रेचरवरच्या माणसाला.

क्लास तेव्हा फोनवरच चालायचा. पोरं चिडली होती, "सर, हा अन्याय आहे!" सर बराच वेळ बोलले नाहीत. मग नियम समजावून सांगितला : ठोशाला १ गुण, पोटावर लाथेला २, डोक्यावरच्या लाथेला ३; पण हे गुण ताबा ठेवून मारलेल्या वाराचे. ताबा सुटला की गुण नाही, दंड. मुलं ऐकेनात तेव्हा एवढंच म्हणाले, "त्या हामेदीला आज रात्री झोप लागणार नाही. मला माहितीये." त्यांना ते कसं माहीत, हे आम्हाला तेव्हा कळलं नाही.

पालक, बिबवेवाडी

माझा मुलगा तिथे जेमतेम आठ महिने होता. एवढंच आठवतं की सर मुलांच्या आधी येऊन हॉल स्वतः झाडायचे, आणि सहा वर्षांच्या पोरानं वाकून नमस्कार केला की तेही तेवढंच वाकायचे.

विद्यार्थिनी, वय ५३, कात्रज

मी वयाच्या ४६ व्या वर्षी गेले. कामावरून यायला रात्री साडेनऊ व्हायचे, भीती वाटायची, म्हणून. पहिल्याच आठवड्यात सरांनी गिचिन फुनाकोशींचं वचन सांगितलं : कराटेत पहिला वार नसतो. फुनाकोशी म्हणजे १९२२ साली ओकिनावाहून टोकियोला जाऊन ज्यांनी कराटे दाखवलं ते. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका. आम्ही शिकलो ती पहिली काता, हेयान शोदान, तिची सुरुवातसुद्धा बचावानेच होते. डावीकडे वळून हात खाली झाडायचा. मी सरळ विचारलं, "मग बाईनं आधी मार खाऊन घ्यायचा का, सर?" हॉल गप्प झाला. सर म्हणाले, "नाही ताई. त्यानं तुमचा रस्ता अडवला तिथेच त्याचा पहिला वार झाला. तुमचा दुसरा." मग म्हणाले, विचार करून उद्या आणखी सांगतो. आणि खरंच दुसऱ्या दिवशी पाऊण तास फक्त अंतर शिकवलं : माणूस किती जवळ येऊ द्यायचा, मागे कधी सरायचं, कधी पळायचं, आवाज पोटातून कसा काढायचा.

स्वारगेट-कात्रज बसमध्ये एकदा उपयोग झाला. एकाचा हात आला, माझा हात कातेतल्यासारखा खाली झाडला गेला आणि त्याच क्षणी मी ओरडले. अख्खी बस वळून बघायला लागली. तो पुढच्या थांब्यावर उतरला. सरांना सांगितलं तर त्यांनी शाबासकीच्या आधी विचारलं, "घरी पोचल्यावर जेवलात का नीट?"

माजी विद्यार्थी, सध्या नाशिक

राग लिहा म्हटलंय म्हणून लिहितो. मला ब्राउन बेल्टवर तीन वर्षं अडकवून ठेवलं. माझ्याबरोबरची मुलं दुसऱ्या क्लासला जाऊन अडीच वर्षांत ब्लॅक बेल्ट झाली. दहावीच्या वर्षी सरांनी स्पर्धेला पाठवलं नाही, खेळाचे वाढीव गुण हुकले. कारण काय, तर "तू अजून चिडून मारतोस." हो, चिडायचो. घरात जे चाललं होतं त्यात कोण चिडणार नाही? ते कधी विचारलं नाही. शोदान, म्हणजे ब्लॅक बेल्टची पहिली पायरी, हा शेवट नव्हे, सुरुवात, असं तेच सांगायचे. मग सुरुवातच करू द्यायला एवढा उशीर का? मी क्लास सोडला. आजही मला ते पटलेलं नाही.

(धागाकर्ती)

हे लिहिलंस ते बरं केलंस. काल सरांना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. घरी काय चाललंय ते मी विचारायला हवं होतं. त्याला माझा नंबर दे."

सातारा

मी त्यांचा विद्यार्थी नाही. मुलीने हा धागा दाखवला म्हणून लिहितोय. १९८६ च्या फायनलला समोर मी होतो. ते लागोपाठ तिसऱ्यांदा जिंकणार हे सगळ्यांना दिसत होतं, मलाही. शेवटच्या अर्ध्या मिनिटात त्यांचा ठोसा थांबला नाही. माझा जबडा दोन ठिकाणी मोडला. ते बाद झाले आणि विजेता म्हणून माझं नाव पुकारलं, तेव्हा मी शुद्धीत नव्हतो.

दात तारेने बांधले होते, सहा आठवडे फक्त पातळ. ते दर रविवारी पुण्याहून एसटीने यायचे, आईने केलेली नाचणीची आंबील थर्मासमध्ये घेऊन. मला बोलता यायचं नाही आणि त्यांना बोलवायचं नाही. तास-दीड तास बसून परत जायचे. पहिल्या रविवारी माझ्या वडिलांनी त्यांना दारातच उभं ठेवलं होतं. तिसऱ्या रविवारी आत बोलावून चहा दिला.

तार निघाली त्यानंतर आठवड्याभराने दसरा होता. ते आले तेव्हा आई दाराला तोरण बांधत होती. त्यांनी तिच्याकडे एक झेंडूचं फूल मागितलं आणि थोडा दोरा. पडवीच्या वाशाला फूल बांधून समोर उभे राहिले. पहिल्या ठोशात फुलाचा चुरा झाला. दुसरं मागितलं. संध्याकाळच्या गाडीची वेळ होईपर्यंत आईच्या परडीतली सगळी फुलं संपली होती. जाताना त्यांनी अंगणातल्या पाकळ्या झाडून गोळा केल्या. उरलेल्या दोऱ्याचं रीळ परत द्यायला लागले तर आई म्हणाली, राहू दे तुझ्याकडे, लागेल तुला. तिने ते गोधडी शिवायला आणलं होतं.