चर्चा: गठ्ठ्याची जाळी विघटनशील प्लास्टिकची केली तर गायी वाचतील?

गोठ्यातून: वाळल्या वैरणीच्या गठ्ठ्यांना जी जाळी गुंडाळलेली असते, तिचे तुकडे गव्हाणीत जातातच. मी रोज हाताने वेचतो, पण चाऱ्यात गुंतलेला बारीक धागा नजरेला पडत नाही. ही जाळी पॉलिइथिलीनची, म्हणजे पोटात गेली की जन्मभर तिथेच. २०२१ साली ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी कत्तलखान्यातून गायीच्या कोठीपोटातला, म्हणजे चारा आंबतो त्या पहिल्या मोठ्या पोटातला, द्रव आणला आणि त्यात पीईटी, पीबीएटी, पीईएफ असं तीन प्रकारचं पॉलिएस्टर ठेवलं. तिन्हींचं विघटन झालं. मग जाळी विघटनशील प्लास्टिकचीच हवी, अशी सक्ती का करू नये? मला तर ती उद्यापासून हवी आहे.

भकाळी: जनावरांचा डॉक्टर म्हणून सांगतो, या भरवशावर राहू नका. तो प्रयोग प्रयोगशाळेतल्या भांड्यात झाला, आणि त्यातही भुकटी लवकर तुटली, फिल्म सावकाश. गाय भुकटी खात नाही. ती अख्खी जाळी गिळते. डावी भकाळी, म्हणजे बरगड्यांमागची कूस, चिरून काढलेला गोळा मी कितीतरी वेळा हातात घेतलाय: दोऱ्या, जाळी, चारा असं सगळं पीळ पडून घट्ट बसलेलं, बोट घालायला फट नाही. तिथे जिवाणू पोचणार ते फक्त वरच्या थराला. चारा कोठीपोटात एक ते तीन दिवस राहतो आणि बारीक झाला तरच पुढे सरकतो. जाळी सरकत नाही. तुमची जाळी विरायला दोन महिने घेणार असेल, तर तेवढ्या काळात पुढचे तुकडे तिच्याभोवती गुंडाळले जाणार.

कार्बनसाखळी: दोघांनीही ‘विघटनशील’ हा एकच शब्द सगळ्यांना लावलाय. माझा आक्षेप त्यालाच आहे. पानांवरचं मेणचट क्यूटिन हेही नैसर्गिक पॉलिएस्टरच. गाय ते रोज खाते, म्हणून पॉलिएस्टरचे दुवे, म्हणजे एस्टर बंध, तोडणारी विकरं (एन्झाइम) तिच्या पोटातल्या जिवाणूंकडे असतात. पॉलिइथिलीनमध्ये तो बंधच नाही. पण पीएलए या वनस्पतींपासून बनणाऱ्या प्लास्टिकमध्ये एस्टर बंध असूनही अडचण आहे. ते ५५ ते ६० अंशांपर्यंत काचेसारखं कडक राहतं, आणि कोठीपोटाचं तापमान असतं सुमारे ३९, म्हणजे तिथे ते कडकच राहतं आणि जिवाणूंना सहज तुटत नाही. ‘कंपोस्टेबल’ शिक्क्यामागचं युरोपीय मानक ईएन १३४३२ बारा आठवडे कंपोस्टिंग गृहीत धरतं, तेही साधारण ५८ अंशांना. हा शिक्का गायीच्या पोटाबद्दल काहीच सांगत नाही. ऑक्सो-विघटनशील म्हणून विकलं जाणारं प्लास्टिक तर साधं पॉलिइथिलीनच, वर धातूंचे क्षार घातलेलं. त्याचे नुसते तुकडे होतात. युरोपीय संघाने २०२१ पासून त्यावर बंदी घातली, ते योग्यच केलं.

गोठ्यातून: पीएलएचा मुद्दा मान्य. पण पीएचए या प्लास्टिकचं काय? ते जिवाणूच स्वतःच्या साठ्यासाठी बनवतात, आणि ऑक्सिजन नसलेल्या जागीही दुसरे जिवाणू ते खातात. डॉक्टर, दोन महिन्यांनी विरणारी जाळी कधीच न विरणाऱ्या जाळीपेक्षा बरी नाही का?

भकाळी: बरी, पण माणूस जाळी वेचणं थांबवणार नसेल तरच. ‘पोटात विरघळते’ असं वेष्टनावर छापलं की कोण वाकून वेचणार?

गोठ्यातून: मी वेचणार. आणि सक्तीच्या नियमात चाचणी कोठीपोटाचीच हवी: ३९ अंश, ऑक्सिजन नाही, जाळी न कापता.

भकाळी: आणि गाठ मारून. मी काढलेल्या गोळ्यांच्या मधोमध बहुतेक वेळा गाठच सापडलीय.