बीपीच्या गोळीने केस गळतात का? लवकर सांगा

सायली_डोंबिवली
केस भयंकर गळताहेत. फणी फिरवली की मूठभर गुंतवळ, न्हाणीतल्या जाळीवर अडकतात ते वेगळेच. भांग रुंद दिसायला लागलाय. बीपीची गोळी सुरू झाली आणि हे सुरू झालं, दुसरं काहीही बदललेलं नाही. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, वयाने होतं, गोळी चालू ठेवा. वय ४४ आहे माझं! गोळीने केस गळतात की नाही एवढंच सांगा. गळत असतील तर उद्यापासून बंद करते. कृपया तेलं सुचवू नका.

रानवारा
तेल नको म्हणालात तरी सांगते. माका, जास्वंदीची पानं आणि कढीपत्ता खोबरेलात उकळून गाळून घ्या. आमच्या घरी तीन पिढ्या हेच लावतात.

गोळीवाला
गोळी कोणती? बीपीच्या गोळ्या डझनभर आहेत. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं ते बघा. डोस किती आणि कधीपासून घेताय तेही लिहा.

सायली_डोंबिवली
छोटी पांढरी, सकाळी एक. 'मेट'ने सुरू होते. पावसाळा संपताना सुरू केली.

गोळीवाला
मेटोप्रोलॉल की मेटफॉर्मिन? दुसरी साखरेची आहे. पट्टी हातात घेऊन पूर्ण नाव लिहा.

निवृत्त_काका
मी बारा वर्षं अम्लोडिपिन घेतोय. केस जागच्या जागी आहेत. गोळीचा काही संबंध नाही. तुमच्याकडे पाणी बोअरचं येतं का? जड पाण्याने केस जातात.

सायली_डोंबिवली
मेटोप्रोलॉल सक्सिनेट २५. पाणी महापालिकेचं आहे काका.

त्वचा_ओपीडी
काका, अम्लोडिपिन वेगळ्या गटातली. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल या बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके आणि बीपी कमी करणाऱ्या गोळ्यांनी काही जणांचे केस गळतात. सगळ्यांचे नाही, पण गळतात हे खरं.

सायलीताई, आता गोळीकडे बोट दाखवण्याआधी तारखा जुळवून बघा. एकेक केस काही वर्षं वाढतो, मग साधारण तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. रोज ५० ते १०० केस असे जाणं नेहमीचंच. शरीराला धक्का बसला, औषधाचा असो की तापाचा, तर एकदम पुष्कळ केस विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. म्हणून गोळी सुरू करून आठवड्यात गळती लागली असेल तर कारण आधीचं धरावं. नेमकी कधी लागली? त्याआधी ताप, ऑपरेशन, कडक डाएट? आणि ४४ व्या वर्षी नुसत्या बीपीला सहसा ही गोळी पहिली देत नाहीत. धडधड होत होती का?

सायली_डोंबिवली
हो, धडधड व्हायची, जिना चढला की जास्त. ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला होता, पण तो कधीच बरा झाला. गोळी सप्टेंबरअखेर. केस दिवाळीनंतर.

गोळीवाला
हे आधी लिहायला हवं होतं. डेंग्यूनंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळणं आम्ही दुकानात दर पावसाळ्यानंतर ऐकतो.

किमया
माझ्या वहिनीने सरळ गोळी बंद केली, गळती थांबली. डॉक्टर लोक कबूल करत नाहीत.

त्वचा_ओपीडी
किमयाताई, कृपया असं सुचवू नका. बीटा ब्लॉकर एकाएकी बंद केला तर नाडी आणि बीपी उसळी मारतात, हृदयविकार असेल तर छातीत दुखून झटकाही येऊ शकतो. ती गोळी एक-दोन आठवडे डोस उतरवत, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवतात. उद्यापासून बंद अजिबात नको.

सह्याद्रीपुत्र
सर्पगंधा घ्या की. आपल्या मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी १९४९ साली तिचा रक्तदाबावरचा अभ्यास ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला, जगाने दखल घेतली.

गोळीवाला
वकिलांचं काम मोठंच. पण त्याच मुळीतल्या रेसरपिनने काही रुग्णांना नैराश्य आलं आणि पुढे ते औषध मागे पडलं. चूर्णात ते किती आहे हे कसं कळणार? चालू गोळीवर ते घालणं धोक्याचं.

सह्याद्रीपुत्र
आपलं ते सगळं वाईटच तुम्हाला.

किमया
मिनॉक्सिडिल लावा मग. तेही मुळात बीपीचंच औषध आहे.

त्वचा_ओपीडी
खरं आहे. अमेरिकेत १९७९ ला बीपीची गोळी म्हणून आलं, अंगावर केस वाढताना दिसले म्हणून १९८८ ला डोक्याला लावायचं औषध झालं. पण अशी गळती बहुधा आपोआप थांबते, आणि बीपीचं औषध चालू असताना ते मनाने लावू नये. आधी रक्ताच्या तपासण्या करा: सीबीसी (हिमोग्लोबिन वगैरे), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइड). बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर लॅबला सांगा, थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. ताई, पाळी जास्त जाते का?

सायली_डोंबिवली
इथे लिहायला संकोच वाटतो, पण हो. वर्षभर खूपच. रिपोर्ट आले की लिहिते.

सायली_डोंबिवली
रिपोर्ट आले. टीएसएच नॉर्मल. हिमोग्लोबिन ९.४, फेरिटिन ७, दोन्ही कमी. फिजिशियन म्हणाले धडधडीला हेही कारण असू शकतं. लोहाची गोळी दिली, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलंय. मेटोप्रोलॉल हळूहळू उतरवून टेल्मिसार्टन ही बीपीची दुसरी गोळी देणार आहेत. पण नेमकं कशाने गळले? डेंग्यू, लोह की गोळी?

त्वचा_ओपीडी
तिन्ही एकाच वेळी असताना वेगळं काढता येत नाही. तिघांनी मिळून केलं असेल. केसांची मुळं शाबूत असतात, त्यामुळे परत येतात. गळती थांबायला काही महिने लागतील, भांग भरायला त्याहून जास्त. तोवर फोटो काढून ठेवा, रोज आरशात मोजू नका.

सायली_डोंबिवली
बरं. लोहाची गोळी चहाबरोबर चालते का?

गोळीवाला
नाही. चहा-कॉफी आणि गोळीत तास-दोन तासांचं अंतर ठेवा. लिंबूपाण्याबरोबर घेतलीत तर उत्तम. शी काळी होईल, घाबरू नका.

रानवारा
अळिवाचे लाडू पण सुरू करा ताई, ओलं खोबरं आणि गूळ घालून. थंडी आहेच.

गोळीवाला
लाडू जरूर खा, पण फेरिटिन ७ आहे, गोळी चुकवू नका.