मदत हवी आहे: मिखेलश्टाटचं जुनं लाकडी टाउन हॉल

पुढच्या महिन्यात आई-बाबा जर्मनीत येताहेत. फ्रँकफर्टहून ओडेनवाल्ड या डोंगराळ भागातल्या मिखेलश्टाट गावाला न्यायचा विचार आहे. तिथलं टाउन हॉल १४८४ सालचं. तळमजला मोकळा, जाड ओकच्या खांबांवर तोललेला. तिथे पूर्वी बाजार भरायचा. वरचे मजले लाकडी सांगाड्याचे, समोर दोन टोकदार बुरूज. १९८४ साली ५०० वर्षं झाली म्हणून पोस्टाचं तिकीटही निघालं होतं.

बाबा निवृत्त सिव्हिल इंजिनिअर, म्हणजे प्रश्नांची सरबत्ती ठरलेली! सांध्यांत लाकडी खुंट्या ठोकायचे, हे मी सांगू शकेन. पण इतक्या वर्षांत खांबांचे पाय कुजले नाहीत का? दुरुस्तीत नेमकं काय बदललं?

जमलं तर आल्सफेल्ड हे गावही करायचं आहे. तिथलं टाउन हॉल १५१२-१६ मधलं, पण तळमजला दगडी कमानींचा. १८७८ मध्ये ते पाडायचंच ठरलं होतं, नशिबाने वाचलं. ते कुणी आणि कसं थांबवलं, कुणी वाचलंय का?

दोन्ही एका दिवसात होतील, की उगाच दमछाक? बाबांचे गुडघे दुखतात, जिने फार असतील तर तेही सांगा.