उलटं चिकटवलेलं पोस्टर

स्थलांतराच्या कथा आपल्या मुलांना परक्या वाटतात, त्यात विमानं, व्हिसा, बर्फ असतं, असं काहीजण म्हणतात. मला ते अर्धंच पटलं. आमच्या कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडी पट्ट्यात ऊसतोड सुरू झाली की बीडकडच्या मजुरांच्या टोळ्या येतात आणि त्यांच्या कोप्यांबरोबर (झोपड्यांबरोबर) पोरंही येतात. त्यांना स्थलांतर काय ते शिकवायला नको.

ऑस्ट्रेलियन चित्रकार-लेखक शॉन टॅनचं 'द अरायव्हल' (2006) हे पुस्तक मी गावातल्या वाचनालयात अशा सात-आठ पोरांपुढे आणि गावच्या मुलांपुढे उघडलं. त्यात एकही वाक्य नाही, घर सोडून परक्या शहरात आलेल्या एका माणसाची नुसती चित्रं. त्या शहरातल्या पाट्यांची लिपीही टॅनने मनाने रचलेली, त्यामुळे वाचणाराही त्या माणसाइतकाच अडाणी. त्याला खोली हवी असते, तर तो वहीत पलंग काढून दाखवतो. पोस्टर चिकटवायचं काम मिळतं, ती उलटी लावतो आणि नोकरी जाते. इथे आमची शहाणी गावची मुलं खो खो हसली. पाचवीतला एक टोळीतला पोरगा तेवढा हसला नाही. म्हणाला, "त्याला वाचता येत नसंल." मग कळलं, आदल्या आठवड्यात बसवरची कन्नड पाटी न कळल्याने तो बापासोबत भलत्याच गावी उतरला होता.

भाषांतराची वाट बघत बसू नका, या पुस्तकाला ते लागतच नाही. किंमत मात्र जबर आहे, आम्ही चौघांनी वर्गणी काढून घेतलं. आता त्याची पानं उसाच्या चिकट बोटांनी काळी झालीत.